मुलीला ‘गर्ल्स ऑन द रन’ला घालावं का?

आधी मत, मग तपशील. मुलगी तिसरी ते आठवीच्या दरम्यान आहे, चेंडू अंगावर आला की बाजूला होते, पी.ई.च्या (शारीरिक शिक्षणाच्या) तासाला टीम पाडताना शेवटी उरते, उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, अशी असेल तर अमेरिकेत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या ‘गर्ल्स ऑन द रन’ या मुलींच्या पळण्याच्या उपक्रमाला तिला एक सीझन तरी घालाच. ती आधीपासून सॉकर किंवा स्विमिंगच्या टीममध्ये असेल आणि जिंकण्याची चटक लागलेली असेल, तर मात्र तिसऱ्या आठवड्यात ‘इथे नुसतं बोलतच बसतात’ म्हणून कुरकुर सुरू होईल. ती कुरकुर अगदीच खोटी नाही. पळायला शिकवणारा क्लास म्हणून हा उपक्रम बेताचा आहे. बुजऱ्या मुलीला स्वतःबद्दल बरं वाटायला लावणारा उपक्रम म्हणून चांगला आहे. त्यातलं नेमकं काय लागू पडतं आणि काय नुसता झगमगाट आहे, हे पालकांना कळलं की पैसे आणि धावपळ दोन्ही वसूल होतात.

न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस, शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत हे नाव बहुधा दप्तरातून आलेल्या फ्लायरवरून पोचतं. फ्लायरवर ‘५के’ दिसतं आणि आईबाबांना वाटतं, पळण्याची शर्यत आहे. शेवटी पाच किलोमीटर असतात हे खरं, पण तिथे नंबर काढत नाहीत, वेळेवरून बक्षीस देत नाहीत आणि चालत पूर्ण केलं तरी मेडल तेच.

सुरुवात १९९६ ची, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातली. मॉली बार्कर यांनी १३ मुली घेऊन पहिली तुकडी चालवली. बार्कर स्वतः हवाईची आयर्नमन ट्रायथलॉन केलेल्या आणि समाजकार्य शिकलेल्या. मुली वयात यायला लागल्या की एका न दिसणाऱ्या चौकटीत शिरतात, कसं दिसायचं, किती बोलायचं, कोणाला आवडायचं हे दुसरेच ठरवायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. या चौकटीला त्या ‘गर्ल बॉक्स’ म्हणत. चौकट आवळायच्या आत मुलीच्या हाती काहीतरी पक्कं द्यावं, म्हणून तिसरी ते पाचवी हा मूळ गट निवडला. सहावी ते आठवीसाठी ‘हार्ट अँड सोल’ नावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. २००० मध्ये देशपातळीवरची संस्था झाली. आज ठिकठिकाणच्या स्वतंत्र काउन्सिल, म्हणजे स्थानिक शाखा, हा उपक्रम चालवतात आणि आजवर २० लाखांहून जास्त मुली त्यातून गेल्या आहेत. काउन्सिल स्वतंत्र आहेत हे लक्षात ठेवा. फी, तारखा, सीझनची लांबी, टी-शर्टबरोबर पाण्याची बाटली मिळणार की नाही, सगळं गावोगाव वेगळं. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीने सांगितलेलं ओहायोत लागू होईलच असं नाही.

एका दिवसात काय काय होतं

सीझन ८ ते १० आठवड्यांचा. आठवड्यातून दोन दिवस, शाळेच्याच आवारात, सव्वा ते दीड तास. वर्षातून दोन सीझन, फॉल आणि स्प्रिंग. कोच पगारी नसतात. शाळेतल्या शिक्षिका, कोणाची आई, जवळच्या कॉलेजातली मुलगी, अशा स्वयंसेवक असतात. त्यांची पार्श्वभूमी तपासलेली असते, प्रशिक्षण झालेलं असतं आणि प्रत्येक दिवसाचा धडा छापील हातात असतो. आधी खाऊ आणि हजेरी, मग गोलात बसून त्या दिवसाचा विषय. त्यानंतर अंग मोकळं करायचा खेळ, फेऱ्या, आणि शेवटी पुन्हा गोल. सीझनचे तीन हिस्से: पहिला ‘मी कोण’ यावर, मधला मैत्री आणि टीमवर, शेवटचा आपल्या गावाला-परिसराला आपण काय देऊ शकतो यावर. शेवटच्या हिश्श्यात टीम स्वतःच एखादं काम ठरवते, उदाहरणार्थ प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी वस्तू गोळा करणं. मोठ्यांनी ठरवून दिलेलं काम चालत नाही. चांगली कोच इथे तोंडावर बोट ठेवून बसते, आणि नऊ वर्षांच्या मुलींची सभा बघण्यासारखी असते.

या सगळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे फेऱ्या मोजायची पद्धत. फ्लायरवर ती दिसतच नाही.

मैदान असेल तर मैदान, नाहीतर पार्किंग लॉट. प्लास्टिकचे शंकू मांडून घेर आखतात. सुरुवातीला प्रत्येक मुलगी आज किती फेऱ्या करणार ते स्वतः ठरवते आणि कार्डावर लिहिते. चार, सात, बारा, काहीही. कोच तो आकडा वाढवत नाही. मग दर फेरीला हातात काहीतरी पडतं: एक मणी, एक रबरबँड, आइस्क्रीमची काडी, काहीच नसेल तर मनगटावर मार्करची रेघ. मणी असतील तर मुलगी ते लवचिक दोऱ्यात ओवत जाते. सातवी फेरी संपते तेव्हा तिच्या मुठीत सात मणी असतात आणि कार्डावर सात लिहिलेलं असतं. आत्मविश्वास म्हणतात तो इथे तयार होतो. आल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘हे मला जमतं’ ही भावना सगळ्यांत जास्त स्वतः करून दाखवल्याने येते, कोणी धीर दिल्याने त्या मानाने कमी. कौतुकावर शंका घेता येते, आई तर म्हणणारच. मण्यांवर शंका घेता येत नाही.

हे नेमकं पळण्यातच इतकं सोपं का होतं, तर पळण्यात बॉल पास करायला कोणी लागत नाही, निवड चाचणी नाही, चूक झाली म्हणून टीम हरत नाही, आणि मेहनत थेट आकड्यात दिसते. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्यांनंतर धाप लागणाऱ्या मुलीला सहाव्या आठवड्यात आठ फेऱ्या जमतात, कारण सरावाने दमसास वाढतो. हिशोब तिला स्वतःला करता येतो: घेर २०० मीटरचा असेल तर ५ किलोमीटर म्हणजे २५ फेऱ्या, ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे वाक्यांचे साचे. मुलींकडून ते पाठ करून घेतात आणि पळता पळता घोटवतात. कोणी दुखावलं तर काय बोलायचं याचा साचा असा: ‘तू अमुक करतेस तेव्हा मला अमुक वाटतं, कारण अमुक. यापुढे तू अमुक करावंस असं मला वाटतं.’ वाचताना कृत्रिम वाटतो. पण डबा उघडल्यावर पोहे बघून नाक मुरडणाऱ्या मैत्रिणीला ‘तू नाक मुरडतेस तेव्हा मला वाईट वाटतं, कारण हे माझ्या घरचं जेवण आहे, पुन्हा असं करू नकोस’ एवढं सलग बोलता येणं ही आपल्या मुलींच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. आपल्या घरात ‘जाऊ दे, लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला जास्त मिळतो. तो देणाऱ्या आजीचा हेतू चांगलाच असतो, तरी मुलीला शब्द मिळत नाहीत. राग आल्यावरचा साचा पाच पायऱ्यांचा: थांब, श्वास घे, विचार कर, उत्तर दे, नंतर आपण काय केलं ते पुन्हा तपास. फेऱ्यांमध्ये दर फेरीला एकेक पायरी म्हणायला लावतात. फळ्यावर शिकवलेलं भांडणाच्या वेळी आठवत नाही, धाप लागलेली असताना म्हटलेलं आठवतं. ही युक्ती आम्हाला पटते.

शेवटच्या गोलात ‘एनर्जी अवॉर्ड’ असतो. आज कोणी कोणाला मदत केली ते सांगून सगळ्यांनी मिळून एक विचित्र हावभाव करत ओरडायचं. पाचवीपर्यंत मजा येते. सातवीतली मुलगी डोळे फिरवते.

कुठे गाडी अडते

कोच. सगळं त्यावर आहे. अभ्यासक्रम एकच असला तरी धडा वाचून दाखवणारी आणि धडा चालवणारी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाचून दाखवणाऱ्या कोचकडे गोल पाऊण तास चालतो आणि फेऱ्यांना जेमतेम वीस मिनिटं उरतात. मग सीझनच्या शेवटी मुलीला पाच किलोमीटर जड जातात आणि जो विश्वास कमवायचा तो गमावला जातो. नाव नोंदवण्याआधी शाळेतल्या कोचला दोनच गोष्टी विचारा: एका दिवसात फेऱ्यांना किती वेळ देता, आणि सरावाची ५के कधी घेता. पस्तीस-चाळीस मिनिटं फेऱ्या आणि खऱ्या ५केच्या आधी सरावाची एक, असं उत्तर आलं तर बिनधास्त घाला.

पळण्याचं तंत्र जवळजवळ शिकवत नाहीत. पावलं कशी टाकायची, हात कसे ठेवायचे, चढावर काय करायचं, यातलं फार काही कानावर पडत नाही. तिसरीतल्या मुलीला त्याची फार गरजही नसते. वेग कसा राखायचा एवढं मात्र हवंच होतं. या वयाच्या मुलींना पळ म्हटलं की त्या जीव खाऊन पळतात, दीड मिनिटात बरगडीखाली कळ येते आणि ‘मला पळताच येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हे घरी शिकवा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटक येत असेल तर वेग जास्त आहे. सुरुवातीला दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. दर आठवड्याला पळणं अर्ध्या मिनिटाने वाढवा, चालणं तेवढंच ठेवा. कळ आलीच तर थांबायचं नाही, चालायला लागायचं, दुखतं तिथे बोटांनी दाबून लांब श्वास सोडायचा. पळण्याआधी दोन तास पोटभर जेवण नको. शाळा सुटल्यावरचा खाऊ केळं किंवा अर्धी पोळी-गूळ एवढाच ठेवा. चीजचे पदार्थ घरी आल्यावर.

आठवड्यातून दोन दिवस हेसुद्धा कमीच. घरी तिसरा दिवस द्या, पंधरा-वीस मिनिटांचाच, तिच्याबरोबर. शनिवारी सकाळी मॅथ क्लास आणि दुपारी भरतनाट्यम असेल तर रविवार. आणि तोही दिवस रिकामा नसेल तर आधी कुठला तरी एक क्लास कमी करा, मगच इथे नाव घाला. दमलेली मुलगी पळून जास्त दमते, आनंदी होत नाही.

घरचे काय बिघडवतात

मुलगी गाडीत बसल्या बसल्या आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: ‘कितवी आलीस?’ या उपक्रमाचा पाया हा प्रश्न एका फटक्यात उखडतो. मुलीने सात ठरवल्या, सात केल्या. शेजारच्या मुलीने चौदा केल्या हे तिला दिसलेलंच आहे, ते सांगायला आईबाबा लागत नाहीत. विचारायचं तर ‘किती ठरवल्या होत्यास?’ आणि ‘कितव्या फेरीला नको नको झालं?’ एवढं पुरे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब येतं, ते पूर्ण ऐका.

‘हुशार आहेस गं’ हेही टाळा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये केलेल्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड काम आल्यावर लवकर हात टेकताना दिसली, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकटून राहिली. पळण्यात याचं भाषांतर सोपं आहे: ‘पाचव्या फेरीनंतर चाललीस आणि परत पळायला लागलीस, ते चांगलं केलंस.’

वजनाचा विषय काढू नका, हे वेगळं सांगावं लागू नये, पण सांगतो. ‘पळ, म्हणजे बारीक होशील’ हे वाक्य फॅमिली व्हॉट्सॲपवरून, काकूंकडून, कधी खुद्द डॉक्टरांच्या खोलीतून येतं. नऊ वर्षांच्या मुलीला पळणं ही शिक्षा आहे आणि शरीर ही चूक आहे, हे दोन्ही एकदम शिकवायचं असेल तर यापेक्षा सोपा मार्ग नाही. हा अभ्यासक्रम वजनावर एक शब्द बोलत नाही, ते जाणूनबुजून.

बूट, कपडे, दुखणी

फीमध्ये बूट येत नाहीत, आणि सगळ्यांत जास्त गडबड तिथेच होते. फॅशनचे जाड तळव्याचे स्नीकर, बास्केटबॉलचे घोट्यापर्यंतचे बूट, मोठ्या बहिणीचे कापूस भरून घातलेले, यांतलं काहीच नको. मुलांच्या मापाचे साधे रनिंग शूज ४० ते ६० डॉलरमध्ये मिळतात आणि तेवढे पुरतात. कार्बन प्लेटवाल्या महागड्या बुटांच्या वाटेला जाऊ नका. माप दुपारनंतर घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. ज्या मोज्यांवर पळणार तेच घालून उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मागे निसटता कामा नये. या वयात चार-सहा महिन्यांत अर्धा साइज वाढतो, त्यामुळे फॉलचे बूट स्प्रिंगला पुन्हा तपासा. मोजे सुती नकोत, घामाने भिजून फोड येतात. नाडीला दुहेरी गाठ.

आठ ते तेरा वर्षांच्या पळणाऱ्या मुलांत टाचेच्या मागे दुखणं नेहमीचं. हाड भराभर वाढतं, पोटरी तेवढ्या वेगाने लांब होत नाही आणि टाचेच्या वाढत्या हाडावर ताण येतो. डॉक्टर याला सीव्हर्स म्हणतात. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखून टेंगूळ आलं तर बहुधा ऑसगुड-श्लॅटर. दोन्हींत उपाय सारखाच: थोडे दिवस फेऱ्या कमी, बर्फ, पोटरी आणि मांडी ताणण्याचे व्यायाम, बूट तपासणं. पळून झाल्यावर थोडं दुखणं चालतं. लंगडत असेल तर पळायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. एका बाजूचं, रात्री जागं करणारं दुखणं असेल तर वाट बघू नका.

सहावी ते आठवीतल्या मुलींच्या आयांसाठी एक नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या गटाने ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा ४६ टक्के मुलींनी सांगितलं की छातीच्या वाढीमुळे खेळात भाग घेण्यावर काही ना काही परिणाम होतो. २०१६ मधला हा अभ्यास. मुलगी अचानक ‘मला नाही जायचं’ म्हणायला लागली, कारण सांगेना, तर आधी हे बघा. छाती वाढायला लागली की स्पोर्ट्स ब्रा घ्या, मोठी झाल्यावर घेऊ म्हणून थांबू नका. खालचा पट्टा दोन बोटं जातील इतका घट्ट, खांद्यांवर काप पडणार नाहीत इतका सैल, आणि दुकानातच जागच्या जागी उड्या मारून बघायच्या. गडद रंगाचा टी-शर्ट, गडद शॉर्ट्स, आणि बॅगेत नेहमी एक पॅड व एक जादा चड्डी, पाळी आली नसेल तरी. पाळीत पळायला वैद्यकीय हरकत काही नाही. त्या चार दिवसांत घरी ‘बसून राहा’ ही पद्धत असेल तर निदान कोचला आणि मुलीला दोघींना एकच गोष्ट सांगा, नाहीतर मुलगी मधल्या मधे खोटं बोलायला शिकते.

शाकाहारी घरात लोहाकडे लक्ष द्या. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अमेरिकेत वाढल्याने शाकाहारी ताटातला लोहाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. पाळी सुरू झालेली मुलगी पहिल्याच फेरीला गळून जात असेल, ओठ फिके दिसत असतील, तर ‘आळशी’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको.

५केचा दिवस आणि ‘रनिंग बडी’

शेवटच्या दिवशी आसपासच्या सगळ्या टीम एकत्र येतात. केसांवर रंगाचे स्प्रे, रिबिनी, चेहऱ्यावर चमकी. ‘हॅपी हेअर’ म्हणतात त्याला. आमच्या मते हा भाग नुसता झगमगाट आहे, पण मुलींना आवडतो, सोडून द्या. रंग धुतल्यावर टॉवेलला लागतो, जुना टॉवेल ठेवा.

प्रत्येक मुलीबरोबर एक प्रौढ ‘रनिंग बडी’ पळते किंवा पळतो. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, वयाची अट आणि शुल्क काउन्सिलनुसार. आईच हवी असं नाही. उन्हाळ्याआधी भारतातून आलेली मावशी चालते, मामा चालतो. बडीचं काम एकच: मुलीच्या अर्धं पाऊल मागे राहणं. पुढे पळणारा बाबा हा या दिवसाचा सगळ्यांत नेहमीचा अपघात. तो मान वळवून ‘चल, चल’ म्हणत राहतो, मुलगी पहिल्या पाचशे मीटरमध्येच संपते, आणि उरलेले साडेचार किलोमीटर दोघंही रागावून चालतात. सुरुवात ठरवून हळू करा. पहिला किलोमीटर आठ मिनिटांच्या आत गेला तर बहुतेक मुलींसाठी तो जास्तच वेगाचा. चाळीस-पन्नास मिनिटांत पूर्ण झालं तर उत्तम, तासभर लागला तरी काही बिघडत नाही. बडीनेसुद्धा आधीचे दोन-तीन आठवडे थोडं पळून ठेवावं. ऐन दिवशी बाबांच्याच पोटरीत गोळा येतो.

पैसे, पुरावे, पर्याय

फी बहुतेक ठिकाणी शंभर ते अडीचशे डॉलरच्या दरम्यान, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे ती कमी होते. सवलत मागायला संकोच नको, अर्जातच रकाना असतो. फीमध्ये टी-शर्ट, साहित्य, ५केची नोंदणी आणि मेडल येतं. वीसेक दिवसांच्या तासांमागे भागून बघितलं तर बहुतेक डान्स क्लासपेक्षा स्वस्त पडतं. जागा मर्यादित असतात, लोकप्रिय शाळांत सोडत काढतात, त्यामुळे फॉलसाठी ऑगस्टमध्ये आणि स्प्रिंगसाठी जानेवारीपासूनच काउन्सिलच्या साइटवर लक्ष ठेवा. शाळेत टीमच नसेल तर कोच व्हायला दोन आया तयार करा. मुख्याध्यापकांची परवानगी आणि मैदान मिळालं की काउन्सिल पुढचं बघते.

उपयोग होतो याला पुरावा काय? मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरीन वाइस यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला. इतर खेळांतल्या आणि पी.ई.मधल्या मुलींच्या तुलनेत इथल्या मुली भावना सांभाळणं, भांडण मिटवणं, दुसऱ्याला मदत करणं, विचार करून निर्णय घेणं या बाबतींत पुढे दिसल्या, आणि सुरुवातीला ज्यांचे गुण सरासरीखाली होते त्यांच्यात सर्वांत जास्त सुधारणा झाली. हे बरंचसं मुलींनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभं आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. तरी दुसरा निष्कर्ष आमच्या वरच्या मताशी जुळतो: जी सुरुवातीला मागे असते तिलाच हे जास्त लागू पडतं.

स्पर्धेची ओढ असलेल्या मुलीसाठी यूएसए ट्रॅक अँड फील्ड या अमेरिकेतल्या ॲथलेटिक्स संघटनेच्या यूथ क्लबमध्ये चौकशी करा. तिथल्या क्रॉस-कंट्रीत आठ वर्षांपर्यंत २ किलोमीटर, नऊ ते बारा वर्षांसाठी ३ आणि तेरा-चौदाला ४ किलोमीटर असं अंतर असतं, वेळ लावतात, नंबर काढतात. अशा मुलीला साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरची गोष्ट सांगा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळण्याच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. दहावा नंबर म्हणजे काय असतो हे त्या मुलीला नीट कळेल. खर्च अजिबात नको असेल तर ‘मॅरेथॉन किड्स’ बघा. पाव-पाव मैलाने नोंद करत शाळेच्या वर्षभरात चार मॅरेथॉनचं अंतर जमवायचं, मुलगे-मुली एकत्र. ब्रिटनमधल्या मराठी घरांना तर ज्युनिअर पार्करन आहेच: दर रविवारी सकाळी, २ किलोमीटर, ४ ते १४ वयासाठी, फुकट.

सीझन संपला की काय, हा प्रश्न या उपक्रमाने नीट सोडवलेला नाही. दोन सीझनच्या मधे तीन-चार महिने जातात आणि तेवढ्यात दमसास उतरतो. मण्यांचा दोरा टाकून देऊ नका. घराजवळ दोनशे मीटरचा घेर मोजा, गाडीच्या मीटरवर नको, फोनच्या जीपीएसवरही एवढ्या छोट्या घेरात चूक होते, मोजपट्टीने किंवा शाळेच्या ट्रॅकशी पावलं जुळवून मोजा. आठवड्याला दोनदा, आकडा तिने ठरवायचा, मणी तिने ओवायचा.

धाकटा भाऊ ‘मी का नाही’ म्हणून मागे लागला, तर मुलग्यांसाठी चौथी ते आठवीचा ‘लेट मी रन’ हा वेगळा उपक्रम आहे, तोही शार्लटचाच. सगळीकडे नाही, आपल्या भागात आहे का ते आधी बघून मगच त्याला सांगा.